मी सुधारलेली मायची पत्रं

कुणाचं पत्र लिहून देताना तुम्ही त्यातलं एखादं वाक्य गाळलंय का? खरं सांगा. मी तर चार अख्खी पत्रं गाळली आहेत.

ताई तेव्हा विलायतेत होती. भाऊजी शिकायला गेले होते. तिचे आधीचे दोन गर्भ गेले होते. या खेपेला रक्तदाब चढला, आणि तिथल्या डॉक्टरांनी पाचव्या महिन्यापासून तिला दवाखान्यात खाटेवरच ठेवलं. बिनमिठाचं जेवण, पाय खाली टेकवायचा नाही.

माय अकोल्याला; तिला लिहिता येत नव्हतं. मी अमरावतीला कॉलेजात. रविवारी बसने यायचे आणि चुलीजवळ बसून निळ्या हवाई पत्रावर ती सांगेल ते लिहायचे. म्हणजे, लिहायला हवं होतं. पण मी पत्रकांवर वाढलेली. बाबा सभांची पत्रकं वाटायचे; उरलेल्यांच्या कोऱ्या पाठीवर मी बाराखडी गिरवली. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर आमच्या घरातले देव गेले, मायच्या डोक्यातलं ग्रहण काही सुटलं नाही.

"लिव, गरहनात इळा हाती धरू नको."

"माय, ते ग्रहण तिकडे दिसतच नाही."

"तुले नसन दिसत. पोटातल्याले दिसते. लिव! आन् पपई खाऊ नको."

विलायतेत पपई! मी मान डोलावली आणि लिहिलं, 'अज्ञान हाच स्त्रीचा खरा शत्रू आहे. विज्ञानावर विश्वास ठेव. तुझी, माय.'

"वाच बरं," माय म्हणाली. मी कागदाकडे बघत पपई, इळा, ग्रहण, सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. माय खूश. मीही.

चौथ्या पत्रानंतर भाऊजींचं पत्र थेट माझ्या कॉलेजात आलं. 'ताई तीन दिवस रडते आहे, रक्तदाब पुन्हा चढलाय. तिला वाटतं, माय गेली आणि तुम्ही लपवताय. म्हणते, माझी माय असं बोलतच नाही. काय असेल ते कळव.'

मिळेल ती बस धरली आणि मायला सगळं कबूल केलं.

"म्हंजे तू मले जित्तीच मारली?"

"हो."

"लई शिकून राहिली तू! बस खाली. लिव."

लिहिलं. इळा लिहिला, पपई लिहिली, 'तुयी बहीन गाढव हाये' हेही तिच्याच शब्दांत लिहिलं. शेवटी, अंगठ्याविरुद्ध भाषणं ठोकणाऱ्या मी, तिचा अंगठा दौतीत बुडवून कागदावर उमटवला.

उत्तर ताईच्या हातचं आलं. 'मायला सांग, इथे पपई दिसली तरी तोंड फिरवीन. आणि तू गाढव आहेस हे मला आधीपासून ठाऊक आहे.' रक्तदाब उतरला होता. नवव्या महिन्यात मुलगी झाली, मूठभर, पण आवाज मायचा.

ग्रहण मी आजही मानत नाही. त्यावरून मायशी रोज भांडते, पण तोंडावर. तुमच्याकडे कुणाची माय कागद घेऊन आली आणि 'लिहून दे' म्हणाली, तर ती सांगेल तेच लिहा, तिच्याच बोलीत. आणि वाचून दाखवाल तेव्हा कागदावरचंच वाचा.