अर्ध्या चमच्यावरची पिल्लं

आमच्या मुरुम गावात मठाच्या दासोहाला, म्हंजे अन्नदानाच्या पंगतीला, मी वाढायला उभी राहिले की माणसं ताटावर हात आडवा धरत्यात, “अव्वा, बास!” तरी मी अर्धी भाकरी टाकतेच. माझ्या पंगतीतनं अर्धपोटी कुणी उठलं न्हाय, ह्याचा मला लई ताठा. त्याच ताठ्यानं घात केला.

माझी लेक कोकणात समुद्राकाठच्या कॉलेजात लेप माशाच्या पिल्लांवर शिकतीय. आमी लिंगायत, घरात अंडंसुद्धा येत न्हाय. भावकीत कुणी विचारलं की “सायन्स शिकतीय” एवढंच म्हणून मी विषय मोडायची. मागच्या वर्षी तिच्याकडं गेले, तर तिच्या प्रयोगशाळेत काचेच्या दोन टाक्या. तळाला वाळू, वाळूवर रुपयाएवढी चपटी पिल्लं, दोन्ही डोळे एकाच अंगाला. अगं बाई! एका टाकीतली चांगली भरलेली, दुसरीतली नुसता पापुद्रा.

“ह्यांनी काय पाप केलं गं?”

“मुद्दाम निम्मं खाणं देतेय, अव्वा. किनाऱ्याला खाणं आटलं तर पिल्लं किती खुरटतात, ते मोजायचंय. तू हात लावू नको.”

दुपारी ती जेवायला गेली की मी अन् ती उपाशी पिल्लं समोरासमोर. मला राहवतंय व्हय! त्यांच्या खाण्याच्या डब्यातल्या ज्या कोळंबीच्या चुऱ्याच्या वासानं मी नाकाला पदर लावायची, तोच मूठभर उचलून टाकला. चार दिवस टाकला. वर पुण्य केल्यासारखं वाटायचं.

पाचव्या दिवशी तिनं पिल्लं मोजली अन् डोक्याला हात लावला. “ही वाढली कशी?”

मी सांगून टाकलं. दोन महिन्यांचं काम मातीत गेलं होतं. ती रडली. मीच निर्लज्जासारखं म्हटलं, “ते चार दिवस वहीत लिहूच नको. कुणाला कळतंय?”

“मला कळतंय की,” म्हणाली. डोळे पुसले, अन् तडक सरांकडं जाऊन सांगितलं, “टाकीत जास्तीचं खाणं पडलं, माझं लक्ष नव्हतं.” माझं नाव घेतलं न्हाय. सरांनी नवी पिल्लं दिली, पुन्हा पहिल्यापासनं सुरुवात.

मी परतीचं तिकीट रद्द केलं. “आता मला शिकव,” म्हटलं. एका टाकीला एक चमचा, दुसरीला अर्धा. अर्धा घालताना वरचा चुरा बोटानं सपाट करून परत डब्यात पाडायची, कण जास्त जाऊ दिला न्हाय. दोन महिने जिवाला लई लागलं, पण तिची वही भरली.

यंदा दासोहात भावकीतल्या एकीनं विचारलं, “लेक काय करतीय म्हणं?”

मी भाकऱ्यांची टोपली खाली ठेवली अन् सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हटलं, “मासे उपाशी ठेवतीय. अन् खरं तेच लिहितीय.”