सुनीताला दिसलेला पिवळा पंचा

माझं विसरवाडीला हायवेवर टायरचं दुकान आहे. पंक्चर हाताला लागल्याशिवाय हवा का गेली याचं कुठलंही कारण मी कधी मानलं नाही... बाहेरचं, भुताखेताचं तर लांबच. म्हणून हे लिहितानाही अवघडल्यासारखं होतंय.

माझी बायको सुनीता बाळंत होऊन धानोऱ्याला आमच्या घरी आली होती. मुलगी झालेली. आठवड्याभरात तिचं डोकं दुखायला लागलं. बाळंतिणीचं जागरण, असंच सगळ्यांना वाटलं. एका सकाळी तिला उलटी झाली. म्हणाली, "डोयासमोर धुकं शे." आणि थोड्या वेळात झटके सुरू झाले — दातखीळ बसली, डोळे वर गेले. पोरीला माझ्या आईजवळ ठेवून मी सुनीताला गाडीत घातलं आणि नंदुरबारला दवाखान्यात आणलं.

इंजेक्शनांनी झटके थांबले. भर दुपारी ती शुद्धीवर आली, खिडकीतून ऊन तिच्या तोंडावर येत होतं. तिने विचारलं,

"लाईट गई का?"

मी तिच्या डोळ्यांसमोर हात हलवला. पापणीसुद्धा हलली नाही.

एमआरआय बघून डॉक्टर म्हणाले, "बीपी एकदम वाढल्याने मेंदूला मागच्या बाजूला सूज आलीय. डोळे चांगले आहेत, पण ज्या भागामुळे दिसतं, तोच सुजलाय. बहुतेकांचं पूर्ववत होतं."

"बहुतेकांचं?"

"बीपी उतरू दे. वाट बघू."

वाट बघण्याशिवाय मी काय करणार होतो? तिचा हात धरून बसलो. तेवढ्यात ती धडपडून उठायला लागली.

"पोरना तोंडवर कपडा पडना शे. पिवया. काढा तो."

"पोर घरी शे, सुनीता. मायजवळ."

"तिले दम लेता ई नही ऱ्हायना. काढा ना..."

सलाईनची सुई निघायला आली. नर्सने आणि मी तिला धरून ठेवलं. तिला शांत करायचं म्हणूनच मी आईला फोन लावला. आई अंगणात गहू निवडत होती. "पोर झोपेल शे," ती म्हणाली, पण उठली. फोन कानाला लावून मी नुसता ऐकत होतो — पावलं... मग काहीच नाही. मग पोरीचा चिरका रडण्याचा आवाज, आणि त्यात मिसळलेला आईचा.

पाळण्याच्या दोरीवर टाकलेला पंचा घसरून पोरीच्या तोंडावर पडला होता. पिवळा. आम्ही निघाल्यानंतर शेजारणीने बाळासाठी आणून दिलेला. सुनीताने तो कधी पाहिलाच नव्हता.

डॉक्टरांना सांगितलं. "मेंदू सुजला की भास होतात," ते म्हणाले.

"पण भास खरा कसा निघाला?"

ते पुढच्या खाटेकडे गेले.

दोन दिवसांनी तिला खिडकी दिसली, मग माझं तोंड. काही आठवड्यांनी पुन्हा एमआरआय केला, सूज पार गेली होती. पोरगी आता रांगते. सुनीताला त्या दुपारचं काहीच आठवत नाही. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली,

"मंग आते काबर दिसत नही?"

आता डोळे असून स्वयंपाकघरातून पोर का दिसत नाही, हे तिला कळत नाही; पोर झोपली की ती स्वयंपाक टाकून पुन्हा पुन्हा पाळण्याशी जाऊन येते. मी बघत राहतो. पाळण्याच्या दोरीवर मात्र आता मी कुणाला काहीच टाकू देत नाही.