सही न केलेला अर्ज

बारावीनंतर मला जळगावच्या एका खासगी कॉलेजात बीएस्सी नर्सिंगची जागा मिळाली, तेव्हा आमच्या नरडाण्याजवळच्या गावात पेढे वाटले गेले. वाटले ते आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाने. वडील एमआयडीसीतल्या कारखान्यात पॅकिंगला होते. चार वर्षांची फी आमच्या ऐपतीबाहेरची होती, त्यामुळे आठ लाखांचं शैक्षणिक कर्ज काढायचं ठरलं. तारण म्हणून आबा स्वतःचा प्लॉट द्यायला तयार होते. माझ्या मूळ गुणपत्रिका तर कॉलेजने पहिल्याच दिवशी ठेवून घेतल्या होत्या.

त्याच आठवड्यात मावशीचं ऑपरेशन झालं आणि मी जळगावच्या दवाखान्यात तिच्याजवळ राहिले. तिथल्या एक सिस्टर त्याच कॉलेजातून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडल्या होत्या. सलाइन बदलायला आल्या तेव्हा मी सरळ विचारलं, पगार किती मिळतो? त्यांनी आधी माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "बारा हजार. त्यातले दहा बँक घेते. माझ्या जेवणाचे पैसे अजून बापच भरतो."

एवढं बोलून त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. मला मात्र त्या दिवशी दुसरं काही सुचलं नाही. कॉलेजच्या माहितीपत्रकात परदेशात नोकरी लागलेल्या मुलींचे फोटो होते. या सिस्टरांचा नव्हता.

घरी येऊन मी सांगितलं की मी कर्ज काढणार नाही. धुळ्याला सरकारी संस्थेत तीन वर्षांचा जीएनएम, म्हणजे नर्सिंगचाच डिप्लोमा होता. फी नावापुरती आणि वर थोडं विद्यावेतन. मी तिथेही अर्ज टाकला होता, पण पहिल्या यादीत माझं नाव आलं नव्हतं. आईने एवढंच विचारलं, की दुसऱ्या यादीतही नाही आलं तर? मी म्हटलं, वर्षभर कुठेतरी काम करेन आणि पुढच्या वर्षी परत अर्ज भरेन. मनातून मी घाबरले होते, पण तसं कुणाला दिसू दिलं नाही.

आबा भडकले. डिग्री सोडून डिप्लोमा घेणारी पोरगी त्यांनी कधी पाहिली नव्हती. पेढे वाटून झाले होते, सोयऱ्यांना फोन झाले होते, आता सगळ्या गावात हसं होणार होतं.

"बठ्ठं गाव हासी," ते म्हणाले.

"हासू द्या, आबा. हप्ता काय गाव भरी?"

मी त्यांना पहिल्यांदाच उलट बोलले होते. ते उठून गेले.

दुसऱ्या दिवशी वडिलांना घेऊन मी पॅसेंजरने जळगावला गेले. कॉलेजच्या खिडकीवरचा कारकून म्हणाला, प्रवेश पक्का झालाय, आता कागद हवे असतील तर पहिल्या वर्षाची फी भरावी लागेल. वडिलांचा चेहरा उतरला. ते माझा हात धरून मागे ओढू लागले. मी म्हटलं, प्रवेशाच्या अर्जावर माझी सही दाखवा. त्याने फाइल काढली. सहीची जागा कोरी होती, कारण ती कर्ज मंजूर झाल्यावर करायची होती.

"बाहेर दहा मुली या जागेसाठी थांबल्यात," तो म्हणाला.

"मग त्यांना आत बोलवा आणि माझे कागद द्या."

दिले नाहीत. आम्ही बाकावर बसलो. दुपारी तो जेवायला गेला, परत आला, तरी आम्ही तिथेच होतो. प्रवेशासाठी येणारे पालक वडिलांना विचारू लागले, काय झालं? सुरुवातीला ते काही नाही म्हणत होते. तिसऱ्या माणसाला मात्र त्यांनी सगळं सांगितलं, खिडकीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. चार वाजता गुणपत्रिका माझ्या हातात पडल्या.

दुसऱ्या यादीत माझं नाव आलं, शेवटून तिसरं. धुळ्याला होस्टेलच्या एका खोलीत आम्ही सहाजणी राहत होतो आणि वॉर्डात इतकं काम पडायचं की संध्याकाळी पायातली चप्पल काढणंही नको वाटायचं. आज मी शिरपूरला कंत्राटी नोकरी करते. करार दरवर्षी नवा होतो आणि दरवर्षी तेवढे दिवस जीव टांगणीला लागतो. डिग्रीवाल्या माझ्यापुढे जातात हेही खरं. पुढची डिग्री मी आता स्वतःच्या पगारातून करतेय, सावकाश.

आबा अजूनही लग्नाकार्यात कुणी विचारलं की सांगतात, तिला बीएस्सी मिळाली नाही. मागच्या महिन्यात धुळ्याच्या एका लग्नात एका पाहुण्यांना त्यांनी तेच सांगितलं, तेव्हा मी त्यांच्या शेजारीच बसले होते. मिळाली होती, मीच घेतली नाही, असं मी त्या पाहुण्यांना सांगितलं आणि का घेतली नाही तेही सांगितलं. त्या पाहुण्यांची मुलगी यंदा बारावीला होती. ती आपली खुर्ची ओढून माझ्याजवळ येऊन बसली.