भरून न येणारं

पोलादपूरकडे बदली झाली तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो, नगरकडच्या ख्रिस्ती कुटुंबातला. उमरठच्या वरच्या अंगाला एका वाडीत शाळा होती. ती देवळाच्या पडवीत भरायची. ख्रिस्ती मास्तर देवळात कसा शिकवणार, असा प्रश्न तिथे कोणाला पडला नाही. तांदूळ, काकड्या, ताक, सगळं घरोघरून यायचं.

दुसऱ्या वर्षी शाळातपासणीला साहेब आले. तिसरीतल्या एका मुलीला त्यांनी पाढा विचारला. ती उभी राहिली आणि माझ्याकडे बघत गप्प राहिली. साहेब हसले, वहीत काहीतरी खरडलं आणि निघाले. ते उतारावरून दिसेनासे झाल्यावर मी तिच्या डाव्या कानाखाली सणसणीत लगावली. ती रडलीसुद्धा नाही. कानावर हात धरून खाली बसली.

आठवड्याभरात कान वाहू लागला. आई तिला घेऊन आली. नवरा मुंबईला गिरणीत, घरात या दोघीच.

"गुरजी, पोरीचा कान कशानं फुटला असंल?"

"नदीत डुंबली असेल," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि गेली. कान वाहायचा थांबला, पण त्या बाजूने मुलीला पुन्हा कधी ऐकू आलं नाही.

त्यानंतर दोन वर्षं मी रोज देवाकडे माफी मागितली. मुलीला पहिल्या रांगेत बसवलं, शाळा सुटल्यावर वेगळं शिकवलं. आत मात्र काही हलत नव्हतं. महाडला एका नर्सबाईंच्या घरी आम्ही पाच-सहा ख्रिस्ती कुटुंबं उपासनेला जमायचो. दोन-तीन महिन्यांतून एकदा पाळकसाहेब एस.टी.ने यायचे. प्रभुभोजनाची, म्हणजे ख्रिस्ताच्या देहाची खूण म्हणून वाटतात ती भाकर माझ्यापर्यंत आली की मी ताटली तशीच पुढे सरकवायचो.

एका रविवारी पाळकसाहेबांनी ते पाहिलं. उपासना संपल्यावर मला मागच्या अंगणात नेलं. मी सगळं सांगितलं, नदीचं खोटंही. ते ऐकून त्यांनी विचारलं,

"माफी मागितलीस?"

"रोज मागतो."

"मग मिळाली नाही?"

"कशी मिळेल? तिचा कान तसाच आहे."

"अरे, भरून येण्यासारखं असतं तर तूच भरून दिलं असतंस. मग ख्रिस्ताला वधस्तंभावर जायचं कारणच काय होतं?"

उरलेल्या भाकरीचा तुकडा मोडून त्यांनी माझ्या हातावर ठेवला. मी तो उभ्यानेच खाल्ला. प्रकाश पडला नाही, आवाज आला नाही. घरात कोणीतरी कपबशा विसळत होतं, अंगणात मिरच्या वाळत होत्या. मी तिथेच मातीत बसलो. ज्याने त्या मुलीचा कान घडवला, त्याला माझा हात ठाऊक होता, माझं खोटं ठाऊक होतं, आणि तरी त्याने मला कधीच माफ करून टाकलं होतं. एवढ्या अफाट गोष्टीपुढे माणूस मुंगीएवढा होतो, पण चिरडला जात नाही, हे मला त्या दुपारी कळलं.

आधी खरं बोलायचं, मग माफी, असं मी धरून चाललो होतो. माझ्या बाबतीत उलटं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळीच मुलीच्या घरी गेलो. आई ओट्यावर तांदूळ पाखडत होती.

"वहिनी, कान नदीनं नाही फुटला. मी मारलं होतं."

सूप थांबलं नाही. "ठावं हाय. पोरीनं त्याच दिशी सांगितलं व्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्या तोंडून ऐकायचं व्हतं. राग व्हता, गुरजी. अजून हाय. लगेच जायाचा नाय." मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, "बसा. च्या ठेवते."

मी बसलो. हेच आदल्या दिवशी घडलं असतं, तर मी तिथून पळून गेलो असतो. आता तिचा राग समोर होता आणि तो मला सोसवत होता.

मुलगी पाणी भरून आली. मी तिची माफी मागितली. तिने हंडा उतरवला आणि मान वळवून उजवी बाजू माझ्याकडे केली. "मोठ्यानं बोला, गुरजी. ह्या कानात."

मी पुन्हा बोललो, मोठ्याने. शेजारच्या ओट्यावरच्या बायांनी ऐकलं, वाटेवरच्या माणसांनी ऐकलं. माझा आवाज जरासुद्धा कापला नाही.