ओळ खिडकीबाहेर जाते

"स्क्रीन चाटते का काय ही?"

ग्रंथपाल सर म्हणाले. हळू नाही, सगळ्या वाचनालयाला ऐकू जाईल असं. मग त्यांनी शिपाईमामांना हाक मारली आणि फडकं आणायला सांगितलं. मी खुर्चीतच बसलेली होते. मामा आले, माझ्या नाकासमोरून हात घालून त्यांनी काच पुसली. माझ्या श्वासाची वाफ, नाकाच्या शेंड्याचा तेलकट डाग, सगळं पुसलं. मागची मुलं हसली. मुलीही हसल्या. आणि मीसुद्धा हसले. आपल्यावर हसणाऱ्यांत आपणही सामील झालं की हसू लवकर संपतं, हे मला शाळेपासून माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी वेगळा कॉम्प्युटर आला. कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीजवळ. त्यावर कागद चिकटवलेला, 'दिव्यांगांसाठी राखीव'. सर म्हणाले, आता तुला कुणाचा त्रास नाही. कुणाला कुणाचा त्रास होत होता, ते मला चांगलं कळलं. त्या कॉम्प्युटरच्या बरोबर समोर पश्चिमेची खिडकी. दुपारनंतर काचेवर नुसतं ऊन.

माझ्या डोळ्यांत जन्मतःच मोतीबिंदू होते. ऑपरेशन उशिरा झालं, कारण त्या हंगामात आई-अण्णा ऊस तोडायला गेलेले आणि मी पाचटावर झोपवलेली. डॉक्टर म्हणाले, लवकर आणायला हवं होतं. लवकर म्हणजे कधी? कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे उसाचं गाळप संपल्यावरच आमची माणसं पाथर्डीकडच्या आमच्या गावाला परततात. तर दिसतं मला. थोडं दिसतं, हलतं दिसतं. अक्षर बोटाएवढं झालं आणि मी त्याच्या अगदी जवळ गेले की ते थांबतं, आणि मग मी वाचते. मला वाचायला आवडतं. हे कुणी विचारत नाही म्हणून आधीच सांगून ठेवते.

नगरच्या या कॉलेजात सगळं आता पीडीएफ झालंय. पुस्तकं, नोट्स, जुन्या प्रश्नपत्रिका. ते उघडतं फक्त संस्थेने एका कंपनीकडून करून घेतलेल्या रीडरमध्ये, आणि तो रीडर फक्त कॉलेजच्या कॉम्प्युटरवर. मोबाईलवर घ्यायची सोय नाही. चोरी होईल म्हणे.

त्या रीडरने माझा जीव खाल्ला. अक्षर मोठं केलं की पान मोठं होतं, स्क्रीनवरची रीडरची खिडकी तेवढीच राहते. ओळ खिडकीबाहेर जाते. मग उजवीकडे सरकवा, ओळीचं शेपूट वाचा, परत डावीकडे या. डावीकडे येईपर्यंत मी कुठल्या ओळीवर होते ते हरवतं. एक ओळ दोनदा वाचायची, एक राहूनच जायची. कशीबशी पानाच्या तळाला पोचायचे, पान उलटायचे, की अक्षर पुन्हा मुंगीएवढं. प्रत्येक पानावर पहिल्यापासून सुरू. पांढरं पान डोळ्यांत खुपायचं, ते काळं करून अक्षर पिवळं करायची सोय नाही. वाचून दाखवायचं बटण आहे, पण ते दाबलं की इंग्रजी तेवढं बोलतं. मराठी आलं की मुकं.

मग माझी खोलीतली मैत्रीण संगीता मला वाचून दाखवायला लागली. आम्ही केडगावात एका खोलीत राहतो. मनाची चांगली आहे ती. पण स्वतःचा अभ्यास करून दमलेली असायची. "हे एवढं महत्त्वाचं नाही गं," म्हणून पानं सोडायची. कुणाच्या डोळ्यांनी वाचायचं म्हणजे त्याच्या कंटाळ्याने वाचणंही आलंच. मागच्या परीक्षेत तिने सोडलेल्या धड्यावरच मोठा प्रश्न आला आणि माझा इतिहासाचा पेपर राहिला. तिला मी काय बोलणार? फुकटच्या गायीचे दात मोजायचे नसतात.

अण्णांनी फोनवर एवढंच सांगितलं, "औंदा पेपर निघाला तर निघाला. न्हाईतर चल फडावर. मोळ्या बांधायला डोळं लागत न्हाईत."

ते रागाने बोलले नव्हते. हिशेबाने बोलले होते. म्हणूनच मला भीती वाटली.

अशात कॉलेजात सूचना लागली. रीडर बनवणाऱ्या कंपनीची माणसं येणार, रीडर आणखी चांगला कसा करता येईल ते विद्यार्थ्यांकडून ऐकून घेणार. ग्रंथपाल सरांनी मला बोलावलं. म्हणाले, दिव्यांगांतर्फे तुझं नाव दिलंय, तयारीत ये. मला खरंच वाटलं. इतकं खरं वाटलं की त्या आठवड्यात मी रस्त्याने चालताना ओठ हलवत चालायचे. ओळ खिडकीत मावेल तिथे मोडून खाली यावी. एकदा मोठं केलेलं अक्षर पुढच्या पानावरही मोठंच राहावं. पुस्तक मिटलं तिथूनच उघडावं. पानाचा रंग आपल्याला बदलता यावा. बटणंही मोठी व्हावीत. मराठी बोलावं. एकेक वाक्य घासून घासून गुळगुळीत केलं, म्हणजे बोलताना अडायला नको.

आईला फोनवर सगळं म्हणून दाखवलं. तिला पीडीएफ काय कळणार? पण ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"आन् हे सांगितलं की ते करत्यात व्हय?"

मी म्हणाले, त्यांनीच विचारलंय.

"इचारत्यात लई," आई म्हणाली.

ती असं का म्हणाली ते मला कळलं. मी लहान असताना राहात्याकडे एका बागायतदाराच्या उसात आमची टोळी उतरली होती. बांबूची तट्टी आणि वर प्लास्टिकचा कागद, अशा आमच्या कोप्या. बायकांना अंघोळीला आडोसा नव्हता. रस्त्याने ट्रॅक्टर जायचे, ड्रायव्हर मान वळवून बघायचे. आईने आणि दोघी-तिघींनी मिळून मालकाला सांगितलं, चार पत्रे उभे करून द्या. मालक बरा होता, त्याने नीट विचारपूस केली, किती बायका, कुठं पाहिजे. मग संक्रांत आली. मालकिणीने साऱ्या जणींना हळदीकुंकवाला बोलावलं, ओटी भरली, प्रत्येकीला एकेक खण दिला. बायकांचा केवढा मान केला म्हणून गावात नाव झालं. पत्र्यांचं पुन्हा कुणी बोललं नाही. दिलेलं घेतल्यावर मागायला तोंड राहत नाही. आईने ते खण एकाला एक जोडून काठ्यांना बांधले आणि आडोसा केला. तो तिच्या कमरेपर्यंतच आला.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलेलं. मंचावर प्राचार्य, ग्रंथपाल सर, कंपनीचा एक तरुण लॅपटॉप घेऊन, आणि मधोमध संस्थेचे विश्वस्त. त्यांना सगळे दादा म्हणतात. साखर कारखाना, कॉलेज, पेट्रोल पंप, सगळीकडे दादाच. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. एकेक विद्यार्थी उठून बोलत होता. कुणाला अधोरेखित करायला जास्त रंग हवे होते. कुणाला एकाच वेळी दोन पुस्तकं शेजारी-शेजारी उघडायची होती. एकाला पान उलटताना कागदाचा आवाज हवा होता. कंपनीचा तरुण सगळं टाइप करून घेत होता. आवाजाचंसुद्धा घेतलं. मी मनात म्हटलं, कागदाचा आवाज लिहून घेतात, मग माझं घेणारच.

मग माझं नाव पुकारलं गेलं. निवेदिका म्हणाली, आता आपण आपल्या कॉलेजच्या जिद्दी लेकीचा सत्कार करणार आहोत.

सत्कार?

संगीताने मला हात धरून पायऱ्या चढवल्या. दादा उठले. त्यांनी माझ्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. टाळ्या. मग ग्रंथपाल सरांनी एक खोकं पुढे केलं. त्यातून मोठं दांड्याचं भिंग निघालं. आणखी टाळ्या. भिंग स्क्रीनवर धरलं की अक्षर मोठं होत नाही, अक्षराचे ठिपके मोठे होतात. हे मी शाळेतच करून सोडून दिलेलं. पण ते भिंग माझ्यासाठी आणलंच नव्हतं. ते फोटोसाठी होतं.

"बाळ, डोळ्याला लावून इकडं बघ," फोटोवाला म्हणाला.

मी हललेच नाही. तेव्हा ग्रंथपाल सरांनी माझं मनगट धरलं आणि भिंग माझ्या डोळ्यापर्यंत नेलं. खाली कुणीतरी फसकन हसलं. भिंगातून माझा डोळा त्यांना केवढा दिसला असेल, हलणारा, पांढुरका. मला समोर नुसता उजेड दिसत होता. त्या उजेडात मला फडकं आठवलं. आईचे जोडलेले खण आठवले. आणि निवेदिका पुढे बोलायलाही लागली होती, आभार मानण्यासाठी मी अमुक सरांना विनंती करते. म्हणजे संपलं. माझी पाळी येऊन गेली होती.

मी मनगट सोडवलं. भिंग टेबलावर ठेवलं. नारळ ठेवला. खांद्यावरची शाल काढली, घडी घातली, तीही ठेवली. घडी नीट झाली नाही.

"हे नको," मी म्हणाले. "मला सूचना सांगायला बोलावलं होतं. त्या लिहून घ्या."

दादा हसले. ते चिडले असते तर मला सोपं गेलं असतं.

"पोरी, अंगावरची शाल काढत नसत्यात. मान असतो तो."

"मान राहू द्या, दादा. मला वाचायचंय."

माईक निवेदिकेच्या हातात होता, तिने तो पाठीमागे धरला. मी माईकशिवायच बोलले. फडावर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला हाक मारणाऱ्या बाईची मुलगी आहे मी, आवाजाला तोटा नाही. म्हणाले, अक्षर मोठं केलं की ओळ खिडकीबाहेर जाते, ती आत मोडून आली पाहिजे. म्हणाले, पान उलटलं की अक्षर पुन्हा बारीक होतं, ते होता कामा नये. तिसरं सांगायला तोंड उघडलं आणि प्राचार्यांनी चहाची सूचना केली. खुर्च्या वाजल्या. सगळे उठले. गुळगुळीत केलेली वाक्यं तोंडातच राहिली.

गर्दी पांगल्यावर कंपनीचा तरुण माझ्याजवळ आला. सभ्य होता. म्हणाला, "मॅडम, तुमचे मुद्दे चांगले आहेत. पण असे युजर असतात किती?"

"मी आहे," मी म्हणाले. "मोजायचंच असेल तर माझ्यापासून सुरुवात करा."

तो बघू म्हणाला. लॅपटॉप केव्हाच पिशवीत गेला होता.

रात्री संगीता म्हणाली, घेतली असतीस शाल तर काय बिघडलं असतं? उद्या मलाही बोलावून विचारतील. तिचंही खरं होतं. तिच्या वडिलांची पारनेरला संस्थेच्याच शाळेत नोकरी आहे. मी तिला सांगितलं, उद्यापासून तू मला वाचून दाखवू नकोस. ती रडली. मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतला नाही.

आईला फोन केला. सांगितलं शाल परत केली.

"काढून टाकतील गं तुला," ती म्हणाली.

"टाकू दे."

"मग तुझं वाचायचं?"



ग्रंथपाल सरांनी माफीचा अर्ज मागितला. दादांचा अपमान झाला म्हणे. मी कोरे कागद घेतले, जाड स्केचपेन घेतला आणि माझ्या मापाच्या अक्षरात राहिलेल्या सूचना लिहिल्या. पानाचा रंग. बटणं. मिटलं तिथून उघडणं. मराठी. एका कागदावर दोन-तीनच ओळी बसतात, त्यामुळे चळतच झाली. वर 'विनंती' लिहिलं नाही. खाली 'आपली नम्र' लिहिलं नाही. सही केली आणि त्यांच्या टेबलावर ठेवली. सर म्हणाले, हा माफीचा अर्ज नाही. मी म्हणाले, नाहीच.

तिथून कोपऱ्यात गेले नाही. पुढच्या रांगेत दाराजवळ एक कॉम्प्युटर रिकामा होता, त्यावर बसले. रीडर उघडला. पुस्तक नेहमीसारखं पहिल्या पानापासूनच उघडलं. अक्षर मोठं केलं, ओळ नेहमीसारखी खिडकीबाहेर गेली. काहीही बदललेलं नव्हतं. मी नाक काचेला लावलं आणि उजवीकडे सरकत, डावीकडे येत, हरवलेली ओळ शोधत इतिहासाचा तो राहिलेला धडा वाचायला लागले. येणारा-जाणारा थांबून बघत होता. बघू दे.

थोड्या वेळाने सरांनी हाक मारली आणि शिपाईमामा फडकं घेऊन आले. त्यांचा हात माझ्या नाकासमोर आला. मी तो धरला, जोरात नाही.

"मामा, माझं झाल्यावर पुसा."

ते सरांकडे बघत राहिले. मी पान उलटलं. अक्षर पुन्हा मुंगीएवढं झालं, मी ते पुन्हा मोठं केलं. उद्याही मी इथेच बसणार आहे, याच खुर्चीवर, आणि तेच कागद पुन्हा त्याच टेबलावर ठेवणार आहे. ओळ आत येईपर्यंत ठेवणार आहे. काच ज्याला पुसायची आहे, त्याने माझं वाचून होईपर्यंत थांबायचं.