लाल दिव्याखालचे झुमके

कांद्यावर व्हिनेगर ओतलं, की लकडगंजातल्या त्या स्टुडिओची अंधारी खोली आठवते. तिथे असाच वास असायचा. तो फोटोग्राफर, आणि आमचं लग्न ठरलेलं. सिनेमातला हिरो लाल दिव्याखाली नायिकेचा फोटो धुतो, तसा माझा धुऊन दाखव, असा मी हट्ट धरला.

त्यानं निगेटिव्ह शोधली, तिच्यातून कागदावर उजेड पाडला आणि कागद औषधाच्या पाण्यात सोडला. "पाह्य वं, तू येऊन राहिली," तो हसला.

आधी टिकली उमटली, मग माझे झुमके. मी हरखले. मग चेहरा आला, मोकळ्या केसांचा, त्याच्याकडे बघून लाजणारा. माझ्या धाकट्या बहिणीचा. झुमके तिनं गॅदरिंगसाठी म्हणून मागून नेले होते.

निगेटिव्हमध्ये काळं-पांढरं उलटं, चेहरा नीट कळत नाही; त्यानं मला झुमक्यांवरून ओळखलं होतं.

सिनेमात पाण्यातून नायिकाच वर येते. त्या दिवशीही तीच आली.