हाडं चांगली, सोभाव खराब

नवा फोन हातात दिला की वासुदेवभाऊ आधी तो कानाशी धरून हलवायचे, मग पाठीवर टिचकी मारायचे आणि शेवटी चालू करायचे. मग निकाल. "सर, याची हाडं चांगली हायेत, पण सोभाव खराब. घडीघडी जाहिरात दाखवते." नाहीतर, "हा सोभावानं गरीब, पण हाडं पापडाची. खिशात ठेवून बसले का गेला." हार्डवेअर म्हणजे हाडं, सॉफ्टवेअर म्हणजे सोभाव. साकोलीच्या बसस्टँडसमोर त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांना विचारल्याशिवाय आमच्या शाळेतला एकही मास्तर फोन घेत नसे.

एका कंपनीचं नाव मात्र ते तोंडातून काढत नसत. तिचा फोन घ्यायला कुणी निघाला, की त्याला खुर्ची देऊन सगळी हकिकत ऐकवायचे. मी ती इतक्यांदा ऐकली आहे, की आता माझंही डोकं त्याच जागी तापतं.

एका पावसाळ्यात धानाची रोवणी चालू असताना भाऊंचा त्या कंपनीचा नवाकोरा फोन शेताच्या बांधीतल्या पाण्यात पडला. त्यांच्या बायकोनं, शालूवहिनींनी, तो पुसून सरळ धानाच्या पोत्यात खुपसला. आमच्याकडे घरोघरी हेच करतात. फोन वाचला, फक्त चार्जिंगच्या भोकात कोपऱ्याला एक तूस अडकून राहिलं. त्याच वर्षी वहिनी आजारी पडल्या. नागपूरच्या दवाखान्यातून रोज त्याच फोनवर आपला आवाज रेकॉर्ड करून पाठवायच्या, "जेवले का? दुकान लवकर बंद करत जा." महिन्याभरात त्या गेल्या. भाऊ रोज सकाळी ते आवाज ऐकून मगच दुकान उघडायचे.

एका सकाळी कंपनीचं अपडेट आलं आणि फोन कंपनीच्या चिन्हावरच अडकून बसला. "दुनियेचे फोन खोलले, सर. पण याले खोलाची हिंमत नाही झाली." म्हणून ते भंडाऱ्याच्या सर्व्हिस सेंटरला गेले. आत आवाज आहेत, ते सांभाळा, असं दोनदा सांगितलं. काउंटरवरच्या माणसानं पिनेनं ते तूस बाहेर काढलं आणि सगळ्यांना दिसेल असं उंच धरलं. "धानात ठेवला होता? काय लोक आहेत बाप्पा!" लोक हसले. इंग्रजी कागदावर सही घेतली आणि न विचारता आतलं सगळं पुसून फोन परत दिला. "डेटा गेला. तसाही हा सहा महिन्यांत मरेल. नवीन घ्या."

भाऊंनी काउंटरवरचं ते तूस उचललं आणि घरी आले.

त्यानंतर सात वर्षं त्यांनी तो फोन मरू दिला नाही. बॅटरी तीनदा बदलली, काच दोनदा. पाठीवर चिकटपट्टीखाली ते तूस. रिकामा फोन रोज चार्जिंगला. मी एकदा विचारलं, "भाऊ, आता काय आहे त्यात?"

"काहीच नाही. पण हा बंद पडला तं त्या माणसाचं खरं होईन. ते मी कायले होऊ देऊ?"

आणि एक दिवस तोच माणूस दुकानात आला! आता कंपनीचा विक्री अधिकारी झाला होता, दुकानावर कंपनीचा बोर्ड लावा म्हणून गोड बोलत होता. भाऊंनी फोन पुढे ठेवला. "वळखता का?" त्यानं नाही म्हणून मान हलवली. भाऊंनी फोन उलटा केला. त्यानं तूस पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. माफी मागायला लागला.

"माफी नोका मांगू. फक्त म्हणा, फोन जिता हाये."

गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात तो पुटपुटला. "आयकू नाही आलं," भाऊ म्हणाले. तीन वेळा म्हणवून घेतलं. मी मास्तर माणूस, मधे पडायला हवं होतं. पडलो नाही. खरं सांगतो, चौथ्यांदाही म्हणवून घ्यावं असं वाटत होतं.

मागच्या वर्षी भाऊ गेले. तेरवीला त्यांच्या मुलीनं फोन माझ्या हातात दिला. "बाबा म्हणत, सरले द्या."

रोज सकाळी मी तो चार्जिंगला लावतो. बायको म्हणते, "रिकाम्या फोनला कशाला वीज घालता?"

मी सांगतो, तो माणूस अजून भंडाऱ्यातच राहतो.